रातकिड्यांचं खोकं

सून पाचव्या महिन्यात सुरतेहून आमच्याकडे राहायला आली, आणि दुसऱ्याच दिवशी टेम्पोतून तिचा सरडा आला. काचेची पेटी, वरती दिवा, आत वाळक्या ओंडक्यावर तो पसरलेला. वीतभरापेक्षा मोठा, अंगभर काटे, गळ्याखाली दाढीसारखी लोंबती कातडी. ही परदेशी जात आहे, तिकडे लोक हौसेनं पाळतात, त्याची सरकारदरबारी नोंदही केलेली आहे, असं मुलानं फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं. पण मला साध्या पालीची भीती. भिंतीवर पाल दिसली तर त्या खोलीत मला घास गिळवत नाही. टेम्पोवाल्यानं पेटी ओसरीत ठेवली तेव्हा मी स्वयंपाकघरातच उभी राहिले.

सुनेला माहेरी करणारं कोणी नव्हतं. मुलाची कंपनीत पाळ्यांची नोकरी. तिचं आधीचं एक तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं, म्हणून या वेळी डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती आणि ती आमच्या तापीकाठच्या गावी आली होती. शेजारची म्हातारी पहिल्याच दिवशी पेटीपुढे उभी राहून म्हणाली की पोटुशी बाईनं सकाळी उठून असलं तोंड बघू नये. मी हसून तिला चहा दिला. पण रोज सकाळी सून उठायच्या आत पेटीवर चादर टाकायला मी त्याच दिवसापासून लागले.

सरड्याचं खाणं म्हणजे रातकिडे. तेही त्याच टेम्पोतून आले होते, झाकणाला जाळी लावलेल्या एका मोठ्या प्लास्टिकच्या खोक्यात. त्या खोक्याचा वास सुनेला सोसेना. झाकण उघडलं की तिला उलटी व्हायची. मुलाला दर आठवड्याला येणं जमत नव्हतं, यांना शेतातून सवड नव्हती. राहिले मी.

पहिल्या आठवड्यात मी बरेच किडे मारले. वाटीत पाणी ठेवलं तर त्यात बुडून मेले. बाहेर पळतील या धास्तीनं जाळीवर फडकं घातलं तर आत ओल धरली, कुबट वास सुटला आणि आणखी मेले. सून लांब खुर्चीवर नाकाला पदर लावून बसायची आणि मला सांगायची. पाणी उघडं ठेवायचं नाही, बाटलीच्या झाकणात ओला कापूस ठेवायचा. अंड्यांचे कागदी ट्रे उभे लावायचे, म्हणजे त्यांना लपायला जागा होते, नाहीतर ते एकमेकांना खातात. मेलेले रोज वेचायचे. खायला गव्हाचा कोंडा, गाजराच्या चकत्या, लाल भोपळा, हिरवा पाला.

एकदा मी विचारलं की किड्यांचे एवढे लाड कशाला, शेवटी ते सरड्याच्याच तोंडात जायचे.

"म्हणूनच तर, आई," ती म्हणाली. "किडा जे खातो ते सरड्याच्या पोटात जातं. किडा उपाशी असला तर सरडा उपाशी."

हे मला पटलं. गाईला सरकी का घालायची ते आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. त्यानंतर मी मनापासून करू लागले. खोकं ओसरीच्या सावलीच्या कोपऱ्यात असायचं, आणि दिवसाउजेडीसुद्धा त्यातून किरकिर चाले. मी भाकरी थापताना ती कानावर असायची. किडे सरड्याला घालायचं काम मात्र सुनेचं. मी चार किडे बरणीत काढून द्यायची, ती नाक दाबून ते पेटीत सोडायची, आणि मी तोंड फिरवायची.

तो श्रावणातला सोमवार होता. मला आणि यांना उपास. सकाळी मी शेतावर चक्कर मारून आले आणि येताना बांधावरचा कोवळा पोकळा खुडून आणला. सुनेला ती भाजी आवडायची. निवडताना जाड पानं बाजूला काढली आणि ती रातकिड्यांना घातली. बाकीची धुऊन, लसूण-मिरची घालून केली. दुपारी सून जेवली. जेवल्यावर थोड्या वेळानं तिला उलटी झाली, पण ती तिला रोजच होत होती. ती जाऊन आडवी झाली.

चार वाजता चहा ठेवला. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. गॅस पाहिला, दूध पाहिलं, मग लक्षात आलं, किरकिर नव्हती. ओसरीत जाऊन जाळी उचलली. रातकिडे उताणे पडले होते. सगळे नाही, पण बहुतेक. काहींचे पाय थरथरत होते, काही एका जागी गोल गोल फिरत होते. कोपऱ्यात पोकळ्याची पानं कुरतडलेली पडली होती.

हे तेवढ्यात शेतातून येऊन खाटेवर टेकले होते. मी त्यांना विचारलं, "कपाशीवर फवारा कव्हय मारा?"

"काल संध्याकायले. का वं?"

"बांधवरनी भाजी सकायले मी खुडी. तिनी खाधी."

ते उठले, गोठ्यामागे गेले आणि औषधाची रिकामी बाटली पिशवीत घालून गाडीची किल्ली घेतली. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की मी जे समजले तेच तेही समजले आहेत.

सुनेला उठवलं तेव्हा तिचं कपाळ ओलं होतं. खोलीत उकाडा होता, वीज गेली होती, ओलं असणारच. पण मी ते पुसलं, पुन्हा पुसलं. तिला मी सांगितलं की सहज तपासून येऊ. ती चपला घालताना ओसरीत थांबली. जाळी बाजूला काढलेली, खोकं उघडं. तिनं आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

शहाद्याच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता मी इतक्या वेळा केला आहे, पण त्या दिवशीचा मला फक्त तिचा हात आठवतो. तो तिनं पोटावरून काढला नाही. मी दर थोड्या वेळानं विचारत होते की डोळ्यांपुढे अंधारी येते का, तोंडाला पाणी सुटतं का. शेवटी ती म्हणाली की आई, तुम्ही विचारता तेव्हा सगळं होतंय असं वाटतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी बाटलीवरचं वाचलं आणि ती आणली ते बरं केलं म्हणाल्या. डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी पाहिली, किती खाल्लं, कधी खाल्लं, भाजी किती वेळा धुतली ते विचारलं. उलटीचं सांगितल्यावर त्या जरा थांबल्या. उलटी विषाची की दिवसांची, हे आत्ता सांगता येणार नाही, म्हणाल्या. मग पोटावर यंत्र ठेवलं. बाळाचे ठोके ठीक आहेत असं त्या म्हणाल्या, तरी उद्यापर्यंत इथेच ठेवू, असंही म्हणाल्या. ठोके ठीक आहेत तर ठेवायचं कशाला, हा प्रश्न माझ्या ओठांवर होता. तो विचारायचा मला धीर झाला नाही.

सलाईन लागल्यावर सुनेनं मला जवळ बोलावलं.

"आई, दुपारी तुम्ही त्याच खोक्यातून काढून दिलेले किडे सरड्याला घातलेत मी. त्यानं खाल्ले का ते पाहिलं नाही. राहिले असतील तर तेवढे काढा."

यांनी घरून निघतानाच मुलाला फोन केला होता; अंधार पडल्यावर तो सुरतेहून येऊन पोहोचला. त्याला तिच्याजवळ बसवून हे मला घेऊन घरी निघाले. वाटेत मी त्यांना म्हटलं की पेटीत हात तुम्ही घाला. ते हो म्हणाले. पण घरी आल्यावर पेटीपुढे उभं राहून त्यांनी दोनदा बाही वर केली आणि दोनदा खाली घेतली. मीटरभर लांबीचा साप काठीवर उचलून नाल्यात सोडणारा माणूस, पण इथे त्यांचा हात पुढे जाईना.

मी झाकण काढलं. वीज परत आली होती, वरचा दिवा चालू होता. सरडा ओंडक्यावर डोळे मिटून पडला होता. त्याच्या अंगाची कातडी पांढरी पडून जागोजागी सुटली होती. तो कात टाकत होता, की मरत होता, मला कसं कळणार? तीन किडे तळाशी वाळूवर पडले होते, चौथा तर त्याच्या पोटाखाली. मी एकेक उचलला. शेवटचा काढताना त्याचं अंग माझ्या बोटांना लागलं. मला वाटत होतं ते थंडगार आणि बुळबुळीत असेल. ते कोरडं होतं आणि दिव्यानं कोमट झालेलं. त्यानं एक डोळा उघडला. हात बाहेर घेतल्यावर मी ओसरीच्या पायरीवर जाऊन बसले. उपास सोडायचा होता तो राहूनच गेला.

सकाळी फोन आला. रात्रभर काही झालं नाही, नाडी ठीक, ठोके ठीक. दुपारी तिला सोडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की धुऊन, शिजवून पोटात फार थोडं गेलं असावं, किंवा लगेचच्या उलटीनं बाहेर पडलं असावं. 'असावं' हा शब्द मी घरी घेऊन आले. सरड्यानं तीन-चार दिवस काही खाल्लं नाही, मग कात पुरती सुटली आणि तो पुन्हा दिव्याखाली येऊन बसू लागला. मुलानं सुरतेहून नवे रातकिडे आणले.

त्यानंतर कपाशीकडची भाजी मी घरात येऊ दिली नाही. न्हाणीघरामागे वाफा करून तिथे मेथी, कोथिंबीर लावली. पण मन निवेना. चार किडे मी एका वेगळ्या बरणीत ठेवू लागले. घरात येणारी प्रत्येक भाजी आधी त्यांना घालायची, तासाभरानं बघायचं, आणि मग चूल पेटवायची. जेवणाला उशीर व्हायचा. यांनी एकदाही विचारलं नाही. एके दिवशी सुनेनं ती बरणी पाहिली आणि थोडा वेळ ती माझ्याजवळ बसली.

"आई, किडे जगले म्हणजे भाजी चांगली, असं नसतं," ती हळूच म्हणाली.

मला ते ठाऊक होतं. तरी बाळंतपण होईपर्यंत मी बरणी ठेवली.

मुलगी झाली, वजनानं चांगली. पहिल्यांदा तिला मांडीवर घेतलं तेव्हा मी तिची बोटं, डोळे, टाळू असं सगळं बघून घेतलं, आणि नर्स हसली. तीन महिन्यांनी मायलेकी सुरतेला गेल्या, सरडाही गेला. मोबाईलवर रोज दिसतात. नातीला आता वरणभात भरवतात, परवा पालकाचं पाणी दिलं असं सून सांगत होती. पालक कुठून आणला, असं मी विचारलं. बाजारातून, ती म्हणाली. पलीकडे नात तोंड भरून हसत होती, हनुवटीवर हिरवा ओघळ. मी तिच्याकडे बघत राहिले आणि पुढचं काही विचारलं नाही.