मामांची साय-मोहरी

मामांना राग आला की आधी त्यांचे कान लाल व्हायचे. मग चष्मा टेबलावर आपटला जायचा आणि त्यानंतर आवाज. सगळी नोकरी त्यांनी अमरावती-धारणी एसटी चालवण्यात घालवली. मेळघाटातल्या वळणांवर ते झोपलेल्या प्रवाशाला जाग येऊ देत नसत, असं त्यांचे कंडक्टर सांगत. घरी मात्र दूध उतू गेलं तरी स्फोट. मी अंजनगाव सुर्जीहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा सुरुवातीला दबकून असायचे. पुढे लक्षात आलं, या आवाजाला घरातलं मांजरही भीत नाही.

कोरोनात मामीला ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. भाजी, वरण, चहा, सगळं तिला कागद चघळल्यासारखं लागायचं. दोन घास खाऊन ती ताट सरकवायची. बांगड्या मनगटावरून घसरू लागल्या. आणि लोक काय म्हणाले? तिची जाऊ माझ्यादेखत म्हणाली, "सैपाकातून सुटाचा चांगला रस्ता काढला बाईनं." विनूदादा, त्यांचा मुलगा, पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, बाकीच्यांचा वास परत आला ना? मग तुझाच कसा येत नाही? सगळं मनाचं आहे." मामांनी फोन हिसकावला. "अबे, तिले नाटक करता येत असतं तं माह्यासारख्यासंग इतके वर्स काढले असते काय?"

मला जाऊबाईंचे आणि विनूदादाचे ते शब्द आठवले की आजही डोकं फिरतं. आजारी माणसाला आधी आपलं दुखणं खरं आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि तेही स्वतःच्या घरात!

मग उन्हाळ्यात कैरीच्या लोणच्यासाठी मी मोहरी कुटत होते. मामी शेजारी बसली होती. एकाएकी तिनं नाक दाबलं, डोळ्यांतून पाणी आलं आणि ती ओरडली, "अवो, नाकाले लागलं! मले लागलं!" वास नव्हताच तो, नुसता झणका होता. पण कितीतरी महिन्यांनी तिला काहीतरी जाणवलं होतं. मामा आंघोळ अर्धी टाकून टॉवेलवरच धावत आले.

त्या दिवसापासून मामा स्वयंपाकघरात शिरले. तिला रोज खाता येईल असं मोहरीचं काहीतरी करायचं, हा त्यांचा हट्ट. पहिल्यांदा त्यांनी मोहरीची पूड दुधात घालून उकळली. झणका गायब, नुसतं कडू जहर. पातेलं अंगणात भिरकावलं गेलं. माझ्या आईनं फोनवर त्यांना झापलं, "दादा, मोहरीले गरम कायले दाखवतं? थंड्या पाण्यात फेस." मग मामा पूड थंड पाण्यात कालवून, ती नाकाला चढेपर्यंत फेसत बसायचे. थोडा वेळ झाकून ठेवायचे. मग घोटलेली साय, मीठ, चिमूटभर साखर आणि शेवटी लिंबू. पिवळसर, मऊ, चमच्याला धरून राहणारी ती साय-मोहरी. उकडलेल्या बटाट्यावर, भाकरीवर, मामी ती घ्यायची आणि डोळे पुसत पुसत अख्खं ताट संपवायची. "मोहरीशी भांडाचं नाही, सबूर ठेवाची," असं मामा म्हणायचे आणि तेवढ्यात गाठ दिसली की मोहरीलाच शिव्या घालायचे.

दिवाळीत विनूदादा आला. आईसमोरची वाटी त्यानं उचलली, "पोट जाळून घेशील," म्हणाला आणि सरळ मोरीत ओतली. मामांचे कान लाल झाले, पण आवाज आला नाही. त्यांनी दोरीवरून कपड्यांचा चिमटा काढून आणला. दादापुढे त्याच्या आवडीचा पाटोडी रस्सा वाढला. "हा नाकाले लाव अन् जेव."

"बाबा, काय पोरखेळ आहे?"

"जेव म्हणतो ना! तुही माय रोज जेवते तसा."

दादानं चिमटा लावला. दोन घास खाल्ले, चिमटा काढून ताटात टाकला आणि उठला. संध्याकाळच्या गाडीनं निघूनही गेला. मला वाटलं होतं, निदान आईच्या पाठीवर हात तरी ठेवेल.

मामा पुढच्या उन्हाळ्यात गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. विनूदादानं सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "आई आता माझ्याकडे राहील. साधं जेवण, औषधं वेळेवर. हे मोहरीचं खूळ बंद."

मामी भिंतीला टेकून बसली होती, ती उभी राहिली.

"मी कोठीबी येत नाही. तू मले खोटी म्हटलं. हे जाऊबाई बसल्या, यायनंबी म्हटलं. एकच माणूस होता ज्यानं मले खरं मानलं. तो गेला म्हून मी आता खोटी होऊ काय?"

"आई, हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू दे लोकायले! त्यायच्यासाठीच बोलून राहिली मी."

जाऊबाई पदराशी चाळा करत खाली बघत होत्या. मी पंगतीतून उठले आणि मामीच्या शेजारी जाऊन उभी राहिले.