मी न केलेली घोषणा

आधीच सांगतो — भूत, भानामती, अंगात येणं यांतल्या कशावरही माझा विश्वास नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. असले अनुभव मी वाचतो ते त्यातल्या थापा शोधायला. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... तरी लिहितो.

गाव वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, मेडशीपासून जवळच. नाव देत नाही, कारण माणसं ओळखीची आहेत.

कोरोनाची दुसरी लाट होती, ऐन उन्हाळा. बहुतेक घरांत कोणी ना कोणी तापाने पडलेलं. गावाने आपापसात ठरवलं, की पेशंटच्या घरी एकेका गल्लीने आठवडाभर डबा द्यायचा. ओट्यावर डबा ठेवायचा, हाक मारायची, आतून ओ आली की परत फिरायचं. एरवी ग्रामसभेत एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं यात होती. बुद्धविहारातलं लाऊडस्पीकरचं मशीन शाळेत आणून ठेवलं, भोंगा छतावर बसवला. कोणाला औषध हवंय, कोणाची गाडी मालेगावला निघालीय, हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. रिटायर्ड मास्तरला दुसरं काम नसतं आणि गप्प बसायची सवय नसते.

एके सकाळी मशीन बंद पडलं. मी वायरी सोडवल्या, मशीन पोत्यात घातलं, मोटरसायकलला बांधलं आणि शाळेला कुलूप लावून मालेगावला गेलो. ओळखीच्या मेकॅनिकने अर्ध्या शटरच्या आत बसून ते उघडलं. दुपारभर खटपट केली आणि पार्ट मिळत नाही म्हणून तसंच परत दिलं.

उन्हं कलताना गावात शिरलो. पारावर गर्दी, अंतर वगैरे सगळे विसरलेले. शेजारचा विनोद धावतच आला.

"सर, वाचली मावशी! बरं झालं तुमी बोलले."

"कोण मावशी? मी काय बोललो?"

"कमलमावशी! दुपारी भोंग्यावर तुमीच नाही का सांगतलं? 'कमलबाई न्हाणीत पडल्या आहेत, पुढचं दार आतून बंद आहे, मागच्या दारानं जा.' मी वावरातून पळत आलो. गाडीत टाकून वाशिमले पाठवली तिले."

कमलबाई एकट्या राहायच्या. मुलं पुण्याला अडकलेली, आणि त्यांना दोन-तीन दिवस ताप होता.

"अरे, मी आत्ता येऊन राह्यलो मालेगावहून."

"मस्करी कायले करता सर? दुसऱ्या खेपेले तं तुमी चिडलेच होते. 'ऐकत काय उभे राह्यले? जा!' आमी तुमचा आवाज नाही वळखत का? शाळेत कमी ऐकला काय?"

मी पोतं सोडलं. मशीन पाहिलं आणि विनोदच्या तोंडचं पाणी पळालं. माझंही... कारण तो खोटं बोलत असता तर असा घाबरला नसता.

आम्ही दोघे शाळेत गेलो. कुलूप जसंच्या तसं, किल्ली माझ्या खिशात. टेबल रिकामं. वायरींची टोकं मी सोडली होती तशीच लोंबत होती.

पुढचे कित्येक दिवस मी दारोदार फिरून विचारत होतो. कोणी माझी नक्कल केली? पण कोणत्या भोंग्यावरून — गावात दुसरा भोंगा नाही. कोणी रेकॉर्डिंग लावलं? असलं वाक्य मी कधी बोललोच नव्हतो. लोकांना भास झाला? सगळ्या गल्ल्यांत एकच भास, तोही शब्दन्‌शब्द सारखा? आणि बंद घराच्या न्हाणीतलं बाहेरच्याला दिसणार कसं?

लाट ओसरल्यावर व्हायचं तेच झालं — सत्कार. शाल, नारळ, 'कोरोना योद्धा' लिहिलेली ट्रॉफी. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि स्वतःच्या कार्यावर बराच वेळ बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी माइकवर स्पष्ट सांगितलं, की ती घोषणा मी केलेली नाही. टाळ्या आणखी वाढल्या. सरांचा नम्रपणा पाहा, लोक म्हणाले.

कमलबाई ऑक्सिजनवर राहून बऱ्या होऊन आल्या, तेव्हा त्यांना विचारलं, "तुम्ही कोणाला हाक मारली होती का?"

"कायची हाक मास्तर, जीभ उचलत नव्हती. सकाळी पडली ते पडलीच. मंग तुमचा आवाज आला. म्हटलं, चला, कोणाले तरी माह्यं ध्यान हाय."

"मी नव्हतो, कमलबाई."

"मंग कोणाले होतं?"

ध्यान कोणालाच नव्हतं. नंतर कळलं, त्याच सकाळी डब्याची गल्ली बदलली होती. जुन्या गल्लीला वाटलं नवी गल्ली देईल, नव्या गल्लीला वाटलं आजचा दिवस जुनीच देईल. डबा गेला नाही, म्हणून हाक गेली नाही, म्हणून ओ आली नाही हेही कोणाला समजलं नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. लोक म्हणतात, तुम्ही गावात नव्हता तरी तुमच्या आवाजाने काम केलं. मला वेगळ्याच गोष्टीचा धक्का बसलाय, आणि तो अजून ओसरलेला नाही. त्या दुपारी मी गावात असतो, मशीनही धडधाकट असतं, तर मी माइकसमोर बसून कोणाची गाडी मालेगावला जातेय ते सांगितलं असतं... आणि कमलबाई न्हाणीत मेल्या असत्या.