मायची गाठ आणि मी सांगितलेला ताप

माझ्या मायच्या छातीत गाठ होती. मी डॉक्टरांना ताप सांगितला.

आज तिची तिथी. दरवर्षी फोटोला हार घालते अन् गप्प बसते. आज लिहिते.

साठच्या दशकातली गोष्ट. मोर्शीजवळ आमचा भाजीचा मळा. मी तेरा वर्षांची, घरात शाळेत जाणारी एकटीच, म्हणून दवाखान्यात मायसोबत मी.

तिथं बायका पडद्यामागं बसायच्या. दुखणं सोबतच्या माणसानं बाहेर जाऊन डॉक्टरांना सांगायचं.

मायनं माझा हात धरून पदराखाली नेला.

"पाहाय, इथं गाठ हाये. गरम लागून राह्यली. सांग डॉक्टरले."

खरंच गरम होती. बोटांना अजून आठवते.

बाहेर आले तर बाकावर आमचे गणिताचे सर!

"काय होतंय आईला?" डॉक्टरांनी विचारलं.

छाती हा शब्द तोंडातून निघेना. मेली ती लाज.

"अंग गरम लागते," मी म्हणाले.

तापाच्या गोळ्या मिळाल्या.

"सांगतलं ना बराबर?" मायनं विचारलं.

"हो."

तिनं त्या गोळ्या नेमानं घेतल्या हो! माझ्यावर भरवसा ठेवून.

पुढे गाठ फुटली. अमरावतीला नेलं, तर फार उशीर झाला म्हणाले. बाबा चिडले, "इतके दिवस काहून नाही सांगतलं?"

मायनं माझ्याकडे पाहिलं.

"मलेच समजलं नाही," ती म्हणाली.

मी तिथंच उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

मागच्या आठवड्यात सुनेनं हळूच सांगितलं, गाठ लागतेय. सोबत मोबाइलवर आलेला तपासणी कॅम्पचा मेसेज दाखवला. थर्मल स्क्रीनिंग. कॅमेरा अंगाची उष्णता टिपतो, कोणी हात लावत नाही.

"आई, हेच करते. मॅमोग्राफीची लाज वाटते."

ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या स्पष्ट म्हणाल्या, गाठ असूनही तो फोटो नॉर्मल येऊ शकतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

उष्णता तर माझ्या हातालाही कळली होती. काय उपयोग झाला?

सुनेला घेऊन हॉस्पिटल गाठलं. काउंटरवर मीच मोठ्यानं बोलले, "हिच्या स्तनात गाठ आहे. मॅमोग्राफी करायची आहे."

रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. पाहू दे.

रिपोर्ट उद्या आहे.

माय, त्या दिवशी मी डॉक्टरले ताप सांगतला होता. तुले ते समजलं होतं, तरी तू माह्यं नाव घेतलं नाही.

आज मीच घेऊन राह्यली.

माफ कर, माय.