कूलंटचा ड्रम आणि बोटुकली

लेथवर लोखंड कापताना टूलवर जे पांढरं पाणी सोडतात, त्याला आम्ही कूलंट म्हणतो. दिसतं दुधासारखं. दोन-तीन दिवस मशीन बंद राहिली की त्याला सडक्या अंड्यांचा वास सुटतो. मग सुपरवायझर त्यात जंतू मारायचं औषध ओततो, वास जातो आणि तेच पाणी पुन्हा चालू होतं. त्यात मशीनचं गळकं तेल असतं, धातूचा बारीक कीस असतो. औषधात काय असतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आम्ही कुठले शहाणे!

मी कामाला होतो त्या चंद्रपूरच्या कारखान्यातून रिकामे ड्रम घरी नेणं हा आम्ही आमचा हक्कच समजायचो. एका श्रावणात मीही एक निळा ड्रम सावली तालुक्यातल्या आमच्या गावी नेला. खराब झालेलं कूलंट त्यात साठवलेलं असायचं. माझा मोठा भाऊ तेव्हा गावच्या मच्छीमार संस्थेसाठी मासळीचं बीज आणायचा. बोटाएवढी पिल्लं, म्हणून त्यांना बोटुकली म्हणतात. ती तलावात जगली तरच मोहल्ल्यातल्या घरांना वर्षभर मासळी मिळायची.

भांडं नवं असेल तर आधी दहा-बारा बोटुकली त्यात सोडायची, एक बिडी संपेस्तोवर थांबायचं आणि ती तगली तरच बाकीची भरायची, अशी आमच्याकडची रीत. बीज भरताना माझ्या ड्रमापाशी भावानं बिडी काढलीसुद्धा. मीच म्हणालो, ‘‘भाऊ, तीनदा सोड्यानं धुतलो मी. रोज त्याच पाण्यात काम करतो, मले मालूम नाई का?’’ शहरात कामाला लागल्याचा तोरा होता तो, दुसरं काही नाही. भावानं माझं ऐकलं.

गाडी तलावावर पोचेपर्यंत अर्धी पिल्लं पोट वर करून तरंगत होती. उरलेली तलावात सोडली, तीही संध्याकाळपर्यंत मरून काठाला लागली. संस्थेची माणसं जमली. भाऊ म्हणाला, ‘‘गरमीनं मेली. मीच उशिरा निंगालो.’’ ड्रमचा विषयही त्यानं काढला नाही. मी शेजारीच उभा होतो आणि तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते. पुढच्या वर्षीपासून बीज आणायचं काम दुसऱ्याकडे गेलं.

त्या दिवशी घरी परतताना भाऊ पुढे चालत होता. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. विहिरीपाशी तो थांबला.

‘‘त्या पाण्यात तू रोज हात घालतं ना?’’

‘‘हो.’’

‘‘दाखव.’’

बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या होत्या, मनगटापर्यंत कातडी लाल होती. घरी मी ते कुणाला दाखवलं नव्हतं. त्यानं दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

‘‘मंग काऊन जातं तिथी?’’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी कामावर गेलो.