काकांची डिस्क एक ते चार बंद

इथले अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर जेवताना, करमणूक म्हणून. पांढरी साडी, पिंपळ, मागून आलेली हाक... दोन-तीनदा खाली खवचट कमेंटही टाकली आहे. लिनक्स सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. मशीन बिघडतं तेव्हा त्याला कारण असतं आणि ते लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, लिहिलेलं असतं — एवढीच माझी श्रद्धा. आता माझ्याकडेच एक लॉग आहे आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाहीये. म्हणून लिहितेय. खवचट कमेंट टाकणाऱ्यांनी खुशाल टाका, मी तुमच्यातलीच आहे.

मी मूळची यवतमाळची. आता धायरीत राहते, पण शिकताना नारायण पेठेत एका काकूंकडे पेइंग गेस्ट होते. वाडा-बिडा नाही हं, लिफ्टवाली साधी बिल्डिंग, दुसरा मजला. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ती रेकॉर्ड करून ठेवायचा त्यांना नाद होता. रेकॉर्डिंग स्वतः जोडलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर. "नवा घ्या ना," असं मी म्हटलं की म्हणायचे, "हा बंद पडला की घेऊ." तो काही पडला नाही. काकाच गेल्या वर्षी गेले.

यंदा परीक्षांच्या दिवसांत काकूंचा फोन आला.

"प्राची, तुला वेळ नसेलच. तरी विचारते."

मुग्धा नावाची एक मुलगी. दिसत नाही तिला. इतिहासात एम.ए. करतेय. काकांनी वाचलेलं एक जुनं पुस्तक तिच्याकडे सीडीवर होतं, पण अर्ध्यानंतर सीडी चालेना. पुस्तक बाजारात मिळत नाही, पेपर पुढच्या आठवड्यात. पूर्ण रेकॉर्डिंग फक्त काकांच्या मशीनमध्ये, आणि मशीन सुरूच होईना.

"दुरुस्तीवाल्याला दाखवलं," काकू म्हणाल्या. "तो म्हणाला, हे म्युझियममध्ये द्या. मी म्हटलं, आधी तुम्ही जा, जागा धरून ठेवा."

रविवारी सकाळी मी पोचले. रस्त्यातच ठरवलं होतं की त्या पोरीचे उरलेले धडे काढल्याशिवाय उठायचं नाही. आमच्या घरी माझ्या हट्टाला सगळे कंटाळलेत, त्याचा कुठेतरी उपयोग व्हायला हवा.

थोडं तांत्रिक सांगते, पुढचं त्याशिवाय कळणार नाही. डिस्क थेट कॉम्प्युटरशी बोलत नाही, मध्ये कंट्रोलर कार्ड असतं. त्या कार्डाशी कसं बोलायचं, ते ऑपरेटिंग सिस्टिमला ड्रायव्हर शिकवतो. हल्लीची कार्डं आपली ओळख आपणच देतात. काकांचं कार्ड इतकं जुनं, की ते कुठल्या पत्त्यावर बसलंय आणि कुठल्या इंटरप्टवरून, म्हणजे कुठल्या तारेवरून, हाक मारतं, हे ड्रायव्हरला हाताने सांगावं लागतं. चुकलं तर काही होत नाही, किंवा अख्खं मशीन गोठतं.

मी कॅबिनेट उघडलं, कार्डावरचे जंपर, म्हणजे सेटिंगच्या बारीक पिना, टॉर्च मारून पाहिले आणि आकडे काढले. डिस्क मागे पत्र्याच्या बंद पिंजऱ्यात होत्या, एक चपटी केबल कार्डापासून तिकडे आत गेलेली. पिंजऱ्याला हात लावायची गरज नव्हती, लावला नाही. काकांची सिस्टिम खराब झाली होती, म्हणून मी माझ्या सीडीवरची लिनक्स सिस्टिम सुरू केली आणि मशीनपासून माझ्या लॅपटॉपपर्यंत नेटवर्कची वायर टाकली. हे नीट लक्षात ठेवा — काकांचा एकही प्रोग्रॅम तेव्हा चालू नव्हता. मशीनच्या आतली बॅटरीही मेली होती, त्याचं घड्याळ कुठल्यातरी भलत्याच वर्षातली पहाट दाखवत होतं.

ड्रायव्हर लोड केला. गोठलं. इंटरप्ट बदलला. पुन्हा गोठलं. काकू मध्येच पोहे ठेवून गेल्या, ते थंड झाले. साउंड कार्ड तोच इंटरप्ट अडवून बसलंय हे डोक्यात यायला फार वेळ गेला. ते काढून बाजूला ठेवलं, पुन्हा लोड केला, आणि स्क्रीनवर ओळी आल्या. कंट्रोलर सापडला. एक छोटी डिस्क. एक मोठी डिस्क.

मोठीवर पुस्तकांच्या नावाचे फोल्डर होते. मी डिस्कचा सिरियल नंबर विचारून लॉगमध्ये घेतला, ही माझी कामावरची सवय. आणि कॉपी सुरू केली.

तिसरा धडा उतरत असताना कॉपी थांबली. एरर. मोठी डिस्क गायब.

"एक वाजला," काकू दारातून म्हणाल्या. "जेवून घे. आता चारनंतर."

"काकू, दुकान आहे का हे?"

"ह्यांचं मशीन एक ते चार बंद असायचं. डिस्क तापते, तिलाही विश्रांती हवी म्हणायचे. स्वतः झोपायचे आणि तिलाही झोपवायचे."

मला हसू आलं. आमच्या यवतमाळकडे मे महिन्यातसुद्धा दुपारी दुकानं उघडी असतात. मी सांगितलं, त्यांच्या सिस्टिमला माहीत असेल ते, माझ्या सीडीला कुठून कळणार? "बरं," म्हणून काकू जेवून आडव्या झाल्या.

मी नाही झाले. ड्रायव्हर काढला, घातला. डिस्कच्या उत्तराची वाट पाहायची मुदत वाढवली. वेग कमी केला. मशीन थंड होऊ दिलं, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. दर वेळी कंट्रोलर सापडे, छोटी डिस्क सापडे आणि मोठीच्या जागी काहीच नाही. मध्ये मुग्धाचा फोन आला. "ताई, नाही मिळालं तरी चालेल हो," म्हणाली. तिच्या आवाजावरून कळत होतं की चालणार नाही. मला तिची दया आली आणि मशीनचा इतका राग आला की एकदा कॅबिनेटला चापट मारली. काका असते तर बोलले असते.

मग आतल्या खोलीत पलंग वाजला. काकू उठल्या, चहाचं आधण ठेवलं. मी कीबोर्डला हात लावलेला नव्हता, शपथ. स्क्रीनवर आपोआप ओळ उमटली, मोठी डिस्क जोडली गेल्याची. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते.

त्या क्षणी काही वाटलं नाही. घाई होती. जिथे थांबलं होतं तिथून कॉपी सुरू केली. नीट उतरतंय का पाहायला एक धडा लॅपटॉपवर लावला. काकांचा आवाज खोलीत आला, संथ, मध्येच खाकरत. काकू गाळणं हातात धरून दारात उभ्या राहिल्या. ते गेल्यापासून त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता. खूप वेळ ऐकून एवढंच म्हणाल्या, "घसा बसलाय ह्यांचा." मला रडू आलं. त्यांना नाही.

दिवेलागणीपर्यंत सगळी पुस्तकं लॅपटॉपवर आली होती. मुग्धाला उरलेले धडे पाठवले, तिने लगेच ऐकून फोन केला.

खरं तर इथेच आवरून घरी जायचं होतं. पण मला वाटलं, डिस्क जपून ठेवावी. मशीन बंद केलं, पिंजऱ्याचे स्क्रू काढले, तो बाहेर ओढला.

आत एकच डिस्क होती. छोटी. शेजारची जागा रिकामी, तिथे धूळ, आणि केबलचं मोकळं टोक लोंबत होतं.

मी काकूंना हाक मारली. "काकू, मोठी डिस्क कुठंय?"

"ती होय? ती ह्यांनीच काढून ठेवलीय, जायच्या थोडं आधी. टकटक करायला लागली होती. कपाटात आहे."

"मग सकाळी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का? मला वाटलं, सुटा भाग असेल. पुस्तकं मशीनमध्ये आहेत, असंच सांगून गेले ते."

कपाटातून त्यांनी काकांच्या रुमालात बांधलेली डिस्क आणून दिली. मी लेबल वाचलं. मग लॉग उघडला. सिरियल नंबर तोच.

आता तुमचे प्रश्न. छोट्या डिस्कवर असेल? त्या सगळ्या पुस्तकांचा एक कोपरासुद्धा तिच्यावर मावणार नाही. दुसरी प्रत कुठे असेल? नेटवर्कच्या वायरीला माझा लॅपटॉप सोडून काहीच जोडलेलं नव्हतं. रुमालातली डिस्क मी डेटा रिकव्हरी करणाऱ्या एका ओळखीच्याकडे नेली. त्याने उघडून पाहिली, आतली तबकडी खरवडली गेलीय. "यातून एक फाइल निघाली तर माझं नाव बदल," म्हणाला. मी त्याला सांगितलं नाही की सगळ्या निघाल्यात.

मुग्धाचा पेपर चांगला गेला. पण मला झोप लागेना, कारण मला कारण हवं होतं. पुढच्या रविवारी मी नवी केबल घेऊन नारायण पेठेत हजर. काकूंना डिस्क परत दिली, त्यांनी ती पुन्हा रुमालात बांधली. मी तेच कार्ड, तोच पत्ता, तोच इंटरप्ट, तीच सीडी लावली. कंट्रोलर सापडला. छोटी डिस्क सापडली. बास. पुन्हा केलं, पुन्हा तेच. जेवले नाही. चार वाजायची वाट पाहिली. चार वाजले, काही झालं नाही. केबल बदलून परत ड्रायव्हर लोड करायला बसले, तेव्हा काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवला आणि शेजारी स्टुलावर बसल्या.

"मुलीचं काम झालं ना?"

"झालं."

"मग आता कशाला उठवतेस त्यांना?"

कारण मला अजून सापडलेलं नाही. लॉग जपून ठेवलाय, कुणाला हवा असेल तर दाखवीन. पण ते मशीन मी त्या दिवशी बंद केलं, आणि परत सुरू केलेलं नाही.