पिलं दिसली की दोरी गुंडाळायची

चौदा महिने मी ज्याच्याशी बोललो नाही, तो माणूस आज पहाटे गेला.

हिलाल. माझा हिलालभाऊ.

भुसावळला आम्ही तीस वर्षं रेल्वेच्या एकाच शेडमध्ये फिटर होतो. तो शिरपूरकडचा, बोलणं अस्सल अहिराणी. मी इकडचा. ड्यूटी सुटली की डबे घरी टाकायचे आणि तापीवर गळ घेऊन बसायचं. रिटायर झाल्यावर तर विचारूच नका. आमची सुमन म्हणायची, "तुमचं लग्न माझ्याशी झालंय की हिलालभाऊंशी?"

मला गळ धरायला त्यानंच शिकवलं.

आमचा मासा एकच, मरळ. ताकदवान, रागीट, जलपर्णीच्या आडोशाला दबा धरून बसणारी.

हिलाल आधी पाणी बघायचा, मग पिशवीत हात घालायचा. मोकळं, नितळ पाणी असेल तर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बारीक. जलपर्णी दाट असेल तर जाड, नाहीतर मरळ आत घुसते आणि तोडून जाते. आमिष म्हणून गढूळ पाण्यात पांढरा रबरी बेडूक, नितळ पाण्यात काळा. गळ फार मोठा नको.

"वसंता, तू मासा धराले उना का म्हैस बांधाले?" माझा पहिला गळ बघून म्हणाला होता.

बेडूक जलपर्णीवर टाकायचा आणि हळूहळू ओढत आणायचा. मरळ खालून धडकते. पाणी असं फुटतं की काळजात धस्स होतं. नवा माणूस तिथंच चुकतो, लगेच झटका देतो. बेडूक रिकामा परत येतो.

मी वर्षभर तेच केलं.

शेवटी तो वैतागला. "थांब ना भो! ढील दे तिले. बायकोनं पुरं नाव ले मनमा, मंग वढ."

म्हणजे बायकोचं पूर्ण नाव मनात घ्यायचं. तेवढ्यात मरळ बेडूक नीट तोंडात घेते.

सुमन वसंत चौधरी. ओढ.

लागली! लग्नात नाव घेताना लाजलो होतो, ते नदीवर शेकडो वेळा घेतलं.

त्याचा नियम मात्र एकच होता. पिलं दिसली की दोरी गुंडाळायची.

पावसाळ्यात मरळीची पिलं पाण्यावर घोळक्यानं फिरतात. तांबूस, कुंकू सांडल्यासारखी. खाली आईबाप राखणीला असतात. त्या घोळक्यात बेडूक टाकला की मरळ हमखास धडकते. त्याला कसब लागत नाही.

"ती खावाले नही येत, माराले येस," हिलाल म्हणायचा. "पोरं वाचाडाले येस. त्यामा कसानी मर्दुमकी?"

गेल्या वर्षी आषाढात धाकट्या मुलानं मला नवी काठी आणि रीळ पाठवलं. चार वेळा नदीवर गेलो, चारही वेळा हात हलवत आलो. पाचव्या दिवशी समोर पिलांचा घोळका.

हिलालनं दोरी गुंडाळली.

मी टाकली.

नावबिव घ्यावं लागलं नाही. एवढी मोठी मरळ मी जन्मात धरली नव्हती.

"तिले सोड, वसंता."

"अरे फोटो तर काढू दे!"

"सोड तिले."

मी फोटो काढला. मरळ पिशवीत घातली. स्कूटरवर घरापर्यंत ती हलत होती. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जगते. म्हणजे परत नेऊन सोडायला वेळ होता. मी नेली नाही.

जेवायला बोलावलं, तो आला नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण मी संध्याकाळी इथेच, माझ्या वॉलवर, फोटो टाकला. वर लिहिलं, "गुरू हिलालभाऊंची शिकवण!"

मला वाटलं, खूश होईल. लाईक तर धडाधड येत होते.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा. चप्पलसुद्धा काढली नाही.

"मन्हं नाव कसाले टाकं त्यामा? मी हाई शिकाडं तुले?"

मला राग आला. सुनेसमोर बोलला म्हणून जास्तच आला. मी त्याच्यादेखत त्याचं नाव पुसलं. फोटो ठेवला. मुद्दाम ठेवला.

तो गेला. मीही गेलो नाही त्याच्याकडे. दिवाळी गेली, उन्हाळा गेला. एकदा बाजारात समोरून येताना दिसला, मी केळीच्या गाडीआड झालो. सत्तरीचा माणूस मी, पोरासारखा लपलो.

आज दुपारी त्याला तापीकाठी पोचवून आलो. त्याच्या घरी वहिनींजवळ बसलो.

त्याच म्हणाल्या, "भाऊ, हे महिन्यातून एकदा सुनेला मोबाइल उघडायला लावायचे. वसंतानं तो फोटो काढून टाकला का, बघ म्हणायचे."

"आणि?"

"ती म्हणायची, आहे अजून. मी म्हटलं एकदा, तुम्हीच जा ना, सांगा त्यांना. तर म्हणे, नको. वसंताच काढी टाकीन. त्याले जरा ढील दे."

मी उठून अंगणात गेलो.

चौदा महिने तो बसून होता. ओढलं नाही त्यानं. झटका दिला नाही.

ज्यांनी तो फोटो लाईक केला होता, त्यांना आता तो दिसणार नाही. घरी येऊन आधी तेवढंच केलं.

भाऊ, काढला रे. उशीर झाला.

तुझं पुसलेलं नाव आज इथे लिहितो. पूर्ण, तू शिकवलं तसं, सावकाश.

हिलाल दगडू पाटील.

ये आता, भाऊ. तुला वसंताचा रामराम.