एक कमी

दिनकरराव सेलूच्या सरकारी मदरशात रियाजी शिकवीत. रियाजी म्हणजे गणितच. पण निजामाच्या राज्यात ते उर्दूत असे, आणि खेड्यातली पोरं गणितात नापास होण्याआधी भाषेतच नापास होत. वरच्या दर्जाची रियाजी वकिलांच्या आणि मुन्शींच्या मुलांनीच घ्यावी, असा काही कायदा नव्हता. कायद्याची गरजच पडली नव्हती.

शाळा सुटली की दिनकरराव कापसाच्या जिनिंगच्या मागच्या पटांगणात धुळीत आकृत्या काढून बसत. मुसल्लस म्हणजे त्रिकोण, हे एकदा सांगून टाकत आणि पुढचं सगळं मराठीत. सहा वर्षांत आलेली पोरं बरीच. टिकला एकटा येडबा, धनगराचा. प्रमेय अर्धं सांगितलं की उरलेलं तो हातातल्या काठीनं पुरं करी, चुकार मेंढरू कळपात लोटावं तसं, फारसा विचार केल्याचं न दाखवता.

त्याचं बीजगणित चांगलं झालं ते बापामुळे. आश्रुबा कधी पुरा आकडा सांगत नसे. मेंढरं ऐंशी असली तर एकोणऐंशी. एकेचाळीसच्या खानेसुमारीत कारकुनानं घरातली माणसं विचारली, तेव्हा त्यानं ‘लेकरं चार’ असं खरंखरं सांगून टाकलं होतं. पंधरवड्यात धाकटी पोर पटकीनं गेली. तेव्हापासून उरलेल्या तिघांना तो दोन म्हणे.

“तुझा बाप सांगतो तो आकडा, अधिक एक,” दिनकरराव म्हणत. “याला म्हणायचं समीकरण.”

“आन् माज्या बाला काय म्हनायचं, गुरुजी?”

“ते अभ्यासक्रमात नाही.”

अठ्ठेचाळीसच्या सुरुवातीला येडबाचा मॅट्रिकचा अर्ज गेला आणि परत आला. सोळा वर्षं पुरी हवीत. रजिस्टरात पंधराच भरत होती. बेचाळीस साली नाव घालताना आश्रुबानं पोराचं वय नऊ सांगितलं होतं. लिहून घेतलं होतं खुद्द दिनकररावांनी, सुवाच्य अक्षरात. तेव्हा त्यांना आश्रुबाची रीत ठाऊक नव्हती. पुढे ठाऊक झाली, तिच्यावर कितीतरी समीकरणं शिकवून झाली. रजिस्टर उघडून त्यात एक मिळवावा, हे मात्र एकदाही सुचलं नाही.

उपाय होता. बापानं पाथरीला तहसीलदारापुढे शपथेवर खरं वय सांगायचं. वाटेत दिनकररावांनी आश्रुबाला दहादा पढवलं.

“सोळा म्हणायचं. एवढंच, आश्रुबा.”

“म्हन्तो की. त्यात काय हाय?”

तहसीलदारानं विचारलं, “लडके की उम्र?”

आश्रुबानं येडबाकडे पाहिलं. पटक्याच्या शेवानं मान पुसली.

“पंधरा, सरकार.”

कचेरीबाहेर येडबानं काठी आपटली. “बा, सा सालं घातली म्या! सा!”

“परीक्षा काय, फुडल्या साली बी यील,” आश्रुबा खाली बघत म्हणाला. “तू ऱ्हायला पायजेस, लेका.”

या सिद्धतेत दिनकररावांना खोट काढता आली नाही. येडबा वर्षभरासाठी मेंढरं घेऊन गोदाकाठाला, त्यांच्या बोलीत गंगंला, गेला.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. त्या धामधुमीत मदरशाचं दफ्तर जळालं. कोणी जाळलं हे विचारलं की जो तो दुसऱ्याचं नाव सांगे. दिनकररावांना मनातून हायसं वाटलं, आणि मग त्याची लाजही वाटली. पण येडबाच्या वयाचे ते चुकीचे नऊ जळाले होते. नव्या रजिस्टरात काय लिहायचं ते आता त्यांच्या हातात होतं.

वही घेऊन ते सोनपेठच्या बाजाराला गेले. आश्रुबा लोकरीच्या ढिगामागे बसला होता.

“नवं रजिस्टर केलंय,” दिनकरराव म्हणाले. “या खेपेला तुझ्या सगळ्याच पोरांची नावं नीट लिहितो. सांग, लेकरं किती?”

आश्रुबानं लोकरीतली एक काडी वेचून टाकली. मग दुसरी.

“एक,” तो म्हणाला.

दिनकररावांनी सवयीनं एक मिळवला. दोन झाले. तीन व्हायला हवे होते.

“गंगंला लय पानी आल्तं, गुरुजी,” आश्रुबा म्हणाला. “मेंढरं भाईर निघाली समदी.”

येडबाचं नाव दिनकरराव घरूनच लिहून आले होते. त्यापुढचा वयाचा रकाना तेवढा मोकळा होता. त्यांनी वही मिटली.